उणे पाण्यातले मासे

सोलापुरात एप्रिल लागला की सकाळच्या पेपरात आधी उजनी धरणाच्या साठ्याचा चौकोन बघायचा. आमच्या घरी हे काम सासूबाईंचं. चष्मा लावून त्या मोठ्याने वाचतात, "मायनस बावीस झालं गं," आणि लगेच स्वयंपाकघरातली पिंपं भरली का याची चौकशी सुरू होते. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हा आकडा घरातल्या दुखणाइताच्या तब्येतीसारखा विचारला जातो. रिक्षात, भाजीच्या गाड्यावर, बँकेच्या रांगेतही. बाहेरगावचा पाहुणा मात्र गोंधळतो. धरणातलं पाणी उणे कसं असेल?

हिशेब असा आहे. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्याच्या खाली ६३.६५ टीएमसी मृतसाठा. वरचा साठा संपला की शून्य टक्के, आणि खालच्याला हात घातला की उणे. जून २०२४ मध्ये धरण उणे साठच्या घरात गेलं होतं. तेव्हासुद्धा कागदावर साडेएकतीस टीएमसीच्या आसपास पाणी शिल्लक होतं. त्याला नाव मृतसाठा.

हा अभियंत्यांचा शब्द, आणि त्यांच्या कामापुरता तो बरोबरच आहे. नेहमीच्या वापरासाठी न धरलेलं पाणी, एवढाच त्याचा अर्थ. पण मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि माझं संशोधन भीमेतल्या माशांवर आहे. मे महिन्यात, धरण उणे गेलं की हे मासे दुसरीकडे कुठे राहतच नाहीत. त्यांचा सगळा उन्हाळा त्या मृत म्हटलेल्या पाण्यात जातो. गेली काही वर्षं हा एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

माझं माहेर करमाळा तालुक्यात, फुगवट्याच्या, म्हणजे धरणाच्या भिंतीमागे साचलेल्या पाण्याच्या काठावर. लहानपणी पाणी पार लांब गेलं की आम्ही पोरं भेगाळलेल्या गाळावरून चालत काठ गाठायचो. वडील म्हणायचे, "धरण आपल्या दारात आलं, पण उन्हाळ्यात आपल्यालाच त्याच्या दारात जावं लागतं." मोटारीचा पाइप वाढवायचा, तोही पुरेना की चारी खणायची. काठावरचा प्रत्येक शेतकरी पाण्याच्या मागे अशी चारी ओढत नेतो. मार्चमध्ये दोनशे फूट, मेमध्ये अर्धा किलोमीटर. पाणी गढूळ, त्यात शेवाळ, फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या टोकाची झडप, अडकतो, मोटार जळते. हे सगळं मी संशोधक व्हायच्या कितीतरी आधी बघितलं आहे, म्हणून पुढे जे लिहिते आहे ते शेतकऱ्याच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये.

२०२४ च्या मे महिन्यातली एक पहाट सांगते. माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आहे, भोई समाजातली. तिचे वडील उजनीत मासेमारी करतात, मी त्यांना मामा म्हणते. पावणेपाचला आम्ही तिघं होडीत बसलो. ऑक्सिजन मोजायला पाणी उजाडायच्या आत घ्यायचं असतं, त्याला कारण आहे. फुगवट्याचं पाणी उन्हाळ्यात हिरवं होतं, अगदी पालक उकडल्यासारखं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून खाली येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर हे शेवाळ पोसतं. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन बनवतं. रात्री तेच शेवाळ माशांच्या बरोबरीने ऑक्सिजन खातं. त्यामुळे पहाटे, सूर्य यायच्या आधी, पाण्याचा श्वास सगळ्यात कमी असतो. दुपारी बारा वाजता गाडीतून येऊन नमुना नेणाऱ्याला ऑक्सिजन भरपूर मिळतो, कधी कधी पाण्यात मावायला हवा त्याहूनही जास्त. त्याच जागी सात तास आधी मासे तोंड वर काढून होते, हे त्या नमुन्यात येत नाही.

ऑक्सिजन मोजायची आमची पद्धत जुनी आहे. विंकलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ती शोधली. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली, तिचं बूच तिरपं घासलेलं, बुडबुडा राहू नये म्हणून. बाटली पाण्याने काठोकाठ भरायची. पिपेटने तळाशी मँगनस सल्फेट सोडायचं, मग अल्कली आयोडाइड. बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, गुळाच्या काकवीसारखा. जितका गडद तितका ऑक्सिजन जास्त. पुढे आम्ल घालून, स्टार्च घालून, थायोसल्फेटचा थेंब थेंब सोडत निळा रंग जाईपर्यंत मोजणी करायची असते, ते काम काठावर किंवा प्रयोगशाळेत. पण होडीतच, त्या पहिल्या मिनिटात, साक्याचा रंग बघून काय ते कळतं.

वरच्या थरातली बाटली फिकट तपकिरी झाली, थंड झालेल्या चहाच्या रंगाची. मग मुलीने दोरीला बांधलेलं नमुनापात्र खाली सोडलं. पाणी दोन पुरुषही नव्हतं तिथे. बाटली भरली, रसायनं घातली, हलवली. साका पांढरा शुभ्र आला. दह्याच्या कवड्या तरंगाव्यात तसा. तिने पुन्हा हलवली, रंग बदलला नाही. पांढरा म्हणजे ऑक्सिजन शून्य. तिने बाटलीवर पेन्सिलने सात नंबर टाकला आणि काहीच बोलली नाही. मामा वल्ह्यावर हात ठेवून म्हणाले, "खाली मासा न्हाईच मॅडम. रातीपासनं समदे वर येऊन बसल्यात." उजाडायला लागलं तेव्हा दिसलं. पाण्याच्या पातळ कातडीवर शेकडो तोंडं, उघडत मिटत.

ती तोंडं कुणाची होती हेही सांगायला हवं. जवळपास सगळी चिलापीची. तिलापिया हा आफ्रिकेतला मासा, १९५२ मध्ये भारतात आणला गेला, आमच्याकडे त्याचं चिलापी झालं. नर तळाच्या चिखलात वाटीसारखा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि मग ती अंडी तोंडात उचलून धरते. पिल्लं बाहेर पडून स्वतंत्र होईपर्यंत तोंडातच. त्या काळात ती जवळजवळ काही खात नाही. अशा माशाला पुराची वाट बघावी लागत नाही, वाहतं पाणी लागत नाही, कमी ऑक्सिजनही तो सोसतो. उणे पाण्यासाठीच जणू घडवलेला. त्याच्या जोडीला मरळ टिकते, कारण तिच्या डोक्यात हवेतला श्वास घेण्याची वेगळी सोय असते. आणि आता सकर मासा, काचेच्या टाकीतून कुणीतरी सोडून दिलेला, अंगावर काटेरी चिलखत घातलेला. तो जाळ्यात आला की जाळं फाटतं आणि त्याला गिऱ्हाईक नाही. मामा सकर सोडवताना हातात जाड कापड गुंडाळतात.

मग आधी इथे कोण होतं? कंपनी सरकारच्या काळात कर्नल साइक्स नावाचा अधिकारी दख्खनची पाहणी करत फिरत होता. त्याने भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णनं छापली. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. नवीन माशाला नाव देताना त्याने अनेकदा इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव उचललं, कानाला जसं लागलं तसं. टॉर खुद्री. हिप्सेलोबार्बस कोलस. लेबिओ बोगट. लेबिओ पोटेल. गारा मुल्या. थिनिक्थिस सांडखोल. जगभरातल्या कुठल्याही माशांच्या यादीत आज ही नावं अशीच आहेत, पुढे साइक्स, १८३९ असं लिहिलेलं. लॅटिनच्या रांगेत भीमेकाठचे शब्द बसले आहेत, आणि ते ज्यांच्याकडून घेतले त्या लोकांची नावं कुठेच नाहीत.

मी एकदा मामांना ही यादी वाचून दाखवली. कोलस म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "कोळशी म्हना की." काही नावं त्यांनी माझ्या उच्चारातून हुडकून काढली, काही त्यांना लागली नाहीत. गारा मुल्या लहानसा मासा. त्याच्या तोंडाखाली चकतीसारखा अवयव असतो, त्याने तो वाहत्या पाण्यातल्या दगडाला चिकटून राहतो. मामांनी हाताचा तळवा होडीच्या फळीवर दाबून दाखवला, असा चिकटायचा म्हणून. धरणाच्या पाण्यात दगडावरून वाहणारा प्रवाह राहिला नाही, तिथे चार बोटं गाळ बसतो. चिकटायला जागाच उरली नाही. खुद्रीसारखे मासे तर पावसाच्या पहिल्या लोंढ्यावर वर चढणारे. चढणीच्या वाटेवर आता धरण आहे, त्याच्या खाली एकामागे एक कोल्हापुरी बंधारे आहेत. मत्स्यबीज म्हणून आम्ही सोडतो ते कटला, रोहू, मृगळ, म्हणजे गंगेच्या खोऱ्यातले. भोई लोकांची पोटं त्यावर भरतात, त्याला माझा आक्षेप नाही. पण भीमेच्या स्वतःच्या माशांचं बीज कुणी सोडत नाही, याचं मला दुःख होतं.

आता विजेकडे येते. गेल्या हिवाळ्यात ऊर्जा आणि हवामान धोरणावरच्या एका चर्चासत्रात मला बोलावलं होतं. पहिलं सत्र अक्षय ऊर्जेचं, दुसरं हवामान धोरणाचं, आणि जेवणानंतर जैवविविधतेचं, जेव्हा निम्मं सभागृह रिकामं झालेलं असतं. सकाळी सांगितलेलं सगळं खरं आणि आनंदाचं होतं. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन आपण २०२१ मध्ये ग्लासगोला दिलं. २०३० पर्यंत निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची करायची, असं नंतर ठरलं, आणि ते उद्दिष्ट २०२५ च्या मध्यावरच गाठलं गेलं. ऐकताना मला अभिमान वाटला. फक्त तीन सत्रांत एकाच धरणाचं नाव तीनदा आलं आणि तिन्ही वेळा ते वेगळं धरण असल्यासारखं आलं, ही गोष्ट मला खटकली. माझ्या बोलण्यानंतर आयोजकांपैकी एकाने आपुलकीनेच विचारलं, "मॅडम, माशांचा ऊर्जेशी संबंध तसा लांबचाच, नाही का?" तिथे घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

आमच्या दक्षिण सोलापुरात कोळशावरचं १३२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे, त्याचं पाणी उजनीतून येतं. औष्णिक केंद्रांनी किती पाणी वापरावं याची मर्यादा केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये घातली. आता ती जुन्या-नव्या केंद्रांना धरून एका युनिटमागे तीन ते साडेतीन लिटर अशी पडते. माझ्या घरी महिन्याला दीडशे युनिट लागतात. म्हणजे माझा पंखा, फ्रिज आणि मिक्सर मिळून साडेचारशे-पाचशे लिटर पाणी शीतमनोऱ्यातून वाफ होऊन जातं. हे केंद्र पूर्ण ताकदीने वर्षभर चाललं तर या मर्यादेप्रमाणे सव्वा टीएमसीच्या आसपास पाणी होतं. उसाच्या मानाने हे किरकोळच, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. सोलापूर जिल्ह्यात पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, तरी साखर कारखान्यांच्या संख्येत आम्ही राज्यात पुढे. उजनी रिकामी होते ती मुख्यतः उसाने. पण विजेची मागणी सगळ्यात जास्त असते ती एप्रिल-मेमध्ये, आणि माशांना पाणी सगळ्यात कमी असतं तेही तेव्हाच. वर्षाच्या बेरजेत जे दिसत नाही ते महिन्याच्या हिशेबात दिसतं.

सौर पॅनेलला पाणी लागतं ते धूळ धुण्यापुरतं. या एकाच कारणासाठी मी सौरऊर्जेच्या बाजूची आहे, आणि सोलापूरच्या उन्हाबद्दल तर काय बोलायचं. तरीही एक गुंता आहे आणि तो माझ्या माहेरच्या बांधावर आहे. दुष्काळात प्रशासन फुगवट्याच्या काठचं पाणी कसं राखतं? लाइट कमी करून. आठ तासांची लाइट सहावर येते, कधी दोनवर. डीपी बंद, मोटार बंद, पाणी जागेवर. उजनीच्या काठावर विजेची तार हाच पाण्याचा नळ आहे. माझा भाऊ या लाइटवर वर्षानुवर्षं रात्री दोनला उठून दारं धरायला गेलाय. पायाखाली साप, हातात बॅटरी. दिवसा वीज ही त्याची मागणी शंभर टक्के न्याय्य आहे. गेल्या वर्षी त्याने सौर पंप बसवला तेव्हा वहिनीने पॅनेलला हळदीकुंकू वाहिलं. मीही होते तिथे, मलाही भरून आलं. घरी परतताना एसटीत मात्र डोक्यात आलं, की हा पंप तारेवर नाही. मेमध्ये मृतसाठ्याला हात लागेल तेव्हा हा कोण आणि कसा थांबवणार? ऊन तर तेव्हाच सगळ्यात जास्त.

याचं उत्तर पंप देऊ नका असं नाही. भावाला ते मी कुठल्या तोंडाने सांगू? उत्तर असं, की नळ बदलला आहे हे ऊर्जा खात्याच्या योजनेत आणि पाटबंधाऱ्याच्या आवर्तनात, म्हणजे पाणी सोडायच्या वेळापत्रकात, एकाच कागदावर लिहिलं गेलं पाहिजे. उन्हाळ्यात काठावरच्या सौर पंपांची वीज सरकारने विकत घ्यावी, म्हणजे पाणी न उपसता शेतकऱ्याला पैसे मिळतील. आणि मृतसाठ्यातही एक पातळी ठरवावी, जिच्या खाली कुठल्याच तारेने, कुठल्याच पॅनेलने जायचं नाही. ती पातळी ठरवायला पहाटेचा ऑक्सिजन मोजावा लागेल. त्यासाठी आम्ही होडीत बसतो.

उजनीवर तरंगते सौर पॅनेल टाकायची चर्चाही काही वर्षं चालू आहे. तेलंगणात रामगुंडमला असा शंभर मेगावॉटचा प्रकल्प २०२२ पासून चालतो. पॅनेलच्या सावलीने बाष्पीभवन कमी होतं, आणि उजनी तर पसरट, उथळ, वाफेने फार पाणी गमावणारी. सावलीत शेवाळही कमी वाढेल. पण सावलीखाली दिवसा ऑक्सिजन बनणंही कमी होतं आणि वारा पाणी ढवळत नाही. भोई मंडळींची भीती साधी आहे, होडी कुठून न्यायची आणि जाळं कुठे टाकायचं. माझं मत विचाराल तर भिंतीजवळच्या खोल पाण्यात जागा बघावी, काठाच्या उथळ पाण्यात बघू नये. माशांची पिल्लं उथळात वाढतात, भिगवणकडे रोहित पक्षी उतरतात तेही उथळातच. आणि आधी दोन वर्षं पहाटेचे नमुने घ्यावेत. मी असं एका कार्यालयाला लिहून दिलं आहे. पोचपावती आली, पुढे काही नाही. पुन्हा लिहीन.

बदलत्या हवेने हा सगळा हिशेब आणखी घाईचा केला आहे. जून २०२४ ला उणे साठच्या घरात गेलेलं धरण ऑगस्टमध्ये भरून वाहिलं आणि पंढरपुरात चंद्रभागेला पूर आला. पुढच्या वर्षी तर मे महिन्यातच अवेळी पाऊस लागला आणि पाणी चढायला लागलं. माणसांना आनंदच झाला, सासूबाईंनी पेढे आणले. मी त्या आठवड्यात मासळी बाजारात गेले. ओळखीच्या मावशी आहेत, त्यांनी माझ्यासाठी एक शिंगटा बाजूला ठेवला होता. पोट फाडून बघितलं तर गाभोळी अजून बारीक, कच्ची होती. लोंढा आला होता आणि ती मादी तयार नव्हती. एका माशावरून काही सिद्ध होत नाही हे मी विद्यार्थ्यांना रोज सांगते. वहीत तारीख, वजन आणि गाभोळीचा रंग लिहून ठेवला.

मावशी म्हणाल्या, "चिलापी न्या की ताई, गिऱ्हाईक तेच मागतंय. ह्यो शिंगटा आता नशिबानं घावतो."

त्याच पावसात, शनिवारी, मुलगी आणि मामा होडी घेऊन गेले. मला ताप होता म्हणून मी घरी. सात नंबरच्या बाटलीचं बूच कडेला थोडं उडालंय, ती वापरू नकोस, असं मी तिला दोनदा सांगितलं होतं. सव्वापाचला फोन वाजला. मागे पावसाचा आवाज, आणि मामा कुणाला तरी हाक मारत होते.

"मॅडम, तपकिरी आला," ती म्हणाली. "खालच्या बाटलीत पण."